झेक लोकांची खानेसुमारी

बाटाचा जोडा ज्याच्या उंबरठ्याशीं कधींच आला नाहीं असें मध्यमवर्गीय घर महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडणार नाहीं. परंतु हा बाटा कोण, असें विचारलें तर पुष्कळ जण तो कोणी पारशी किंवा बंगाली गृहस्थ असावा असें उत्तर देतील. वस्तुतः बाटा हें मोराव्हिया प्रांतांतील, पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका झेक घराण्याचें आडनांव आहे. त्या घराण्यांतील तोमाश व त्याचीं भावंडें यांनीं १८९४ सालीं झ्लीन गांवीं धंदा सुरू केला, आणि पुढें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ बाटानगर वसलें. दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे ‘रोबो’ हा शब्द. तो कारेल चापेक ह्या झेक नाटककारानें १९२० सालच्या आपल्या एका नाटकांतून जगास दिला, आणि त्याला तो सुचविला त्याच्या चित्रकार भावानें, योसेफनें. एक जोडा आणि एक शब्द, एवढ्यावर आमची त्या राष्ट्राशीं ओळख बहुधा संपते. माझीहि स्थिति फारशी निराळी नव्हती. तीस वर्षांच्या युद्धाचा आरंभ म्हणून १६१८ सालीं प्रागच्या किल्ल्याच्या खिडकींतून फेकून दिलेले बादशाही कारभारी तेवढे वर्गांत सांगावयाचे आणि पुढें जावयाचें, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. अलीकडे त्या देशाच्या शिरगणतीचे व निरनिराळ्या पाहण्यांचे तक्ते चाळण्याचा योग आला, आणि आपण वर्गांत जें सांगत आलों तें किती तुटपुंजें होतें याची जाणीव झाली.

प्रथमदर्शनीं हे आंकडे निव्वळ करमणुकीचे वाटतात. दरडोई बीअर पिण्यांत हें राष्ट्र १९९३ पासून जगांत पहिलें गणलें जातें. गेल्या दशकांत माणशीं वर्षाला सुमारें १४० लिटर हें प्रमाण होतें. आतां तें १३० च्या खालीं उतरलें आहे. (दरडोईचा हिशेब मोठा फसवा असतो, हें येथें ध्यानांत ठेवावें. पाळण्यांतलीं मुलें भाजकांत धरलेलीं असतात. उलट परदेशी पाहुण्यांनीं रिचविलेली बीअर भाज्यांत येते, पण पाहुणे भाजकांत येत नाहींत.) ज्या सोनेरी रंगाच्या बीअरचें अनुकरण पुढें जगभर झालें ती १८४२ सालीं प्ल्झेन नगरांतच प्रथम तयार झाली. दुसरा आंकडा रानांतला आहे. शेंकडा सत्तरांच्या आसपास लोक वर्षांतून एकदां तरी अळंबीं वेंचावयास रानांत जातात. देशाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वनाखालीं आहे, आणि वन कोणाच्याहि मालकीचें असो, तेथें फिरण्याचा व स्वतःपुरतीं फळें-अळंबीं गोळा करण्याचा हक्क कायद्यानें सर्वांस दिलेला आहे. कोंकणांत पहिल्या पावसानंतर रानांत अळंबीं शोधणाऱ्यांस ह्या गोष्टीचें विशेष कौतुक वाटणार नाहीं. परंतु येथें प्रागचे वकील आणि प्राध्यापकहि टोपली घेऊन निघतात, हा फरक आहे.

सर्वांत मौजेची गोष्ट २००५ सालची. इंग्लंडच्या धर्तीवर तेथील सरकारी दूरचित्रवाणीनें ‘सर्वश्रेष्ठ झेक पुरुष कोण’ अशी मतें मागविलीं. मतें येऊं लागलीं तों आघाडीवर आला यारा त्सिम्रमन. हा पुरुष कवि, शास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नाटककार, सर्व कांहीं होता. फक्त तो कधीं जन्मास आलेला नव्हता. १९६६ सालीं नभोवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमांत कांहीं लेखकांनीं त्याला निर्माण केलें, आणि पुढें त्याच्या नांवानें एक सबंध नाटकगृह चालूं लागलें. प्रत्येक शोध आधीं लावणारा आणि प्रत्येक वेळीं नोंदणीच्या कचेरींत थोडक्यांत उशिरां पोंचणारा असा हा महापुरुष! चालकांनीं त्याला काल्पनिक म्हणून बाद केलें आणि पहिलें स्थान चौदाव्या शतकांतील बादशहा चवथा कार्ल यास मिळालें. मोठ्या साम्राज्यांच्या जबड्यांत शतकानुशतकें वावरलेल्या लहान राष्ट्राचा स्वतःकडे पाहण्याचा हा डोळा आहे. त्यांत थट्टा आहे. पण ती पोकळ नाहीं.

आतां ज्या आंकड्यासाठीं हा लेखनप्रपंच केला त्याकडे वळूं. २०२१ च्या शिरगणतींत देशाची लोकसंख्या १ कोटी ५ लाख २४ हजार भरली. धर्माविषयीं प्रश्न होता, परंतु उत्तर देणें ऐच्छिक होतें. ‘माझा कोणताहि धर्म नाहीं’ असें लिहिणारे ५० लाख २७ हजार, म्हणजे शेंकडा ४८ च्या जवळ. रोमन कॅथॉलिक ७ लाख ४१ हजार, आणि नुसतें ‘कॅथॉलिक’ म्हणवून घेणारे आणखी २ लाख ३६ हजार. श्रद्धा आहे पण पंथ नाहीं, असें सांगणारे ९ लाख ६० हजार. एका अमेरिकन चित्रपटांतील ‘जेडाय’ नामक काल्पनिक योद्ध्यांचा धर्म हाच आपला धर्म, अशी नोंद करणारे २१ हजार २३! आणि रकाना कोराच ठेवणारे ३१ लाख ६२ हजार, म्हणजे दर दहांत तीन. त्यापूर्वीं २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संस्थेच्या पाहणींत शेंकडा ७२ झेक लोकांनीं आपण कोणत्याहि धर्माचे नाहीं असें सांगितलें होतें, आणि शेंकडा ६६ लोकांनीं आपला ईश्वरावर विश्वास नाहीं असें. यूरोपांतील सर्वांत निरीश्वर राष्ट्र, अशी ह्या देशाची ख्याति झाली आहे ती अशा आंकड्यांवरून.

ह्याचें कारण विचारलें कीं बहुतेक जण लगेच सांगतात: चाळीस वर्षें साम्यवादी राजवट होती, दुसरें काय होणार? हें उत्तर सोपें आहे, आणि सोपीं उत्तरें तपासून घ्यावींत अशी आम्हां इतिहासाच्या शिक्षकांस खोड असते. तीच राजवट पोलंडवर होती. २०२१ सालीं तेथें शेंकडा ७१ लोकांनीं आपण कॅथॉलिक असल्याचें लिहिलें. तीच राजवट, किंबहुना तेंच सरकार, स्लोव्हाकियावर होतें. तेथें त्याच वर्षीं हें प्रमाण शेंकडा ५६ च्या आसपास होतें. एकच औषध तिघांस पाजलें आणि गुण एकासच आला, तर त्या एकाच्या प्रकृतींतच कांहीं निराळें असलें पाहिजे.

ती प्रकृति समजण्यासाठीं चारशें वर्षें मागें जावें लागतें. पूर्वसुधारक यान हुस याला १४१५ सालीं कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळलें. त्याचे अनुयायी पुढें बोहेमियांत प्रबळ झाले. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागजवळच्या पांढऱ्या डोंगरावर दोन तासांच्या आंत झालेल्या लढाईंत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा हाब्सबुर्ग बादशहाच्या सैन्यानें पराभव केला. २१ जून १६२१ रोजीं प्रागच्या जुन्या नगरचौकांत सत्तावीस पुढाऱ्यांचा वध झाला. नंतर कॅथॉलिक व्हा किंवा देश सोडा, असे दोनच मार्ग उरले. कोमेनियससारखा शिक्षणशास्त्रज्ञ देशोधडीस लागला. झेक भाषेंतील जुनीं पुस्तकें पाखंडी म्हणून घरोघर शोधून जाळण्यांत आलीं. अठराव्या शतकांतील कोनिआश नांवाच्या जेझुइट पाद्र्याचें नांव ह्या कामासाठीं अजूनहि तेथें कुप्रसिद्ध आहे. १७८१ च्या सहिष्णुतेच्या फर्मानापर्यंत दुसऱ्या पंथास उघड जागा नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत जेव्हां झेक राष्ट्र पुन्हां जागें झालें, तेव्हां तें देवळांत नव्हे, पुस्तकांत जागें झालें, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोब्रोव्स्कीचें व्याकरण, युंगमानचा कोश, पालात्स्कीचा इतिहास ह्या तीन ग्रंथांवर ती इमारत उभी आहे. पालात्स्की स्वतः प्रॉटेस्टंट होता आणि त्याच्या इतिहासाचें शिखर म्हणजे हुसपंथीयांचा काळ. अशा रीतीनें शाळेंत शिकलेला झेक मुलगा रविवारीं कॅथॉलिक देवळांत जाई आणि सोमवारीं वर्गांत त्याच देवळाच्या शत्रूंना राष्ट्रवीर म्हणून वंदन करी. पोलंडांत धर्म आणि राष्ट्र परकी सत्तेविरुद्ध एका बाजूस उभे राहिले. येथें ते एकमेकांसमोर उभे राहिले.

वाचनाचे आंकडेहि ह्याच झऱ्याचें पाणी आहेत. स्वतंत्र झाल्यावर अवघ्या नऊ महिन्यांत, जुलै १९१९ मध्यें, नव्या प्रजासत्ताकानें प्रत्येक गांवानें सार्वजनिक वाचनालय चालविलेंच पाहिजे असा कायदा केला; अल्पसंख्य भाषिकांसाठींहि त्यांत तरतूद होती. ती सक्ति आज उरलेली नाहीं, तरी सवा सहा हजार गांवांच्या ह्या देशांत पांच हजारांवर सार्वजनिक वाचनालयें आहेत; म्हणजे सुमारें दोन हजार माणसांस एक. २००७ सालच्या पाहणींत वर्षाला निदान एक तरी पुस्तक वाचणारे प्रौढ शेंकडा ८३ आढळले, २०१८ सालीं ७८. आमच्याकडील गांवोगांवच्या वाचनालयांची स्थिति ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे त्यांस हे आंकडे वाचून हेवा वाटेल. मला तरी वाटला.

परंतु शिरगणतीच्या कागदाकडे परत येऊं. हा कागद त्या भूमींत कधींच निरुपद्रवी नव्हता. १८८० पासून ऑस्ट्रियाचें सरकार प्रत्येकास भाषा विचारूं लागलें; पण मातृभाषा नव्हे, ‘व्यवहारभाषा’. जर्मन धन्याच्या घरीं राबणारी झेक मोलकरीण दिवसभर कोणती भाषा बोलत असे? जर्मन. म्हणून कागदावर ती जर्मन. दर दहा वर्षांनीं ह्या एका शब्दावरून सभा होत, पत्रकें निघत, मारामाऱ्या होत. कारण शाळा आणि कचेऱ्यांची भाषा त्या बेरजेवर अवलंबून असे. सीमाभागाच्या वादांत भाषावार आंकड्यांनीं काय काय केलें हें ज्या वाचकांच्या स्मरणांत आहे, त्यांस ह्यावर भाष्य नको. १९२१ सालीं झेकोस्लोव्हाकियानें शब्द बदलून ‘राष्ट्रीयत्व’ विचारलें, आणि आतां तक्रार करण्याची पाळी जर्मनांवर आली.

धर्माच्या रकान्यांतहि त्याच वर्षीं भूकंप झाला. १९१० सालीं झेक प्रांतांत कॅथॉलिकांचें प्रमाण शेंकडा ९६ च्या वर होतें. १९२१ सालीं तें ८२ वर आलें. सात लाखांहून अधिक माणसांनीं ‘धर्म नाहीं’ असें लिहिलें, आणि जानेवारी १९२० मध्यें कॅथॉलिक पाद्र्यांतूनच फुटून निघालेल्या नव्या झेकोस्लोव्हाक पंथाकडे एका वर्षांत पांच लाखांवर लोक गेले. त्या वेळीं साम्यवादी राजवट सत्तावीस वर्षें दूर होती! हे लोक एका रात्रींत नास्तिक झाले असें मात्र मीं मानीत नाहीं. त्यांनीं ईश्वराचा राजीनामा दिला नव्हता, हाब्सबुर्ग घराण्याचा दिला होता. (तो नवा पंथ पुढें हुसच्या नांवानें चालूं लागला. १९३० सालीं त्याचे अनुयायी पावणेआठ लाखांवर होते. २०२१ सालीं २३ हजार ६१०. जेडाय त्यांच्या मागें जेमतेम अडीच हजारांनीं आहेत.)

ह्यापुढील दोन शिरगणत्यांमधील अंतर वाचतांना हंसूं मावळतें. १९३० सालीं झेक प्रांतांची लोकसंख्या १ कोटी ६ लाख ७४ हजार होती. २०२१ च्या आंकड्याशीं ती ताडून पहा: नव्वद वर्षांनंतर हें राष्ट्र जेथें होतें त्याच्याहि किंचित्‌ मागेंच होतें. युद्धाच्या व जर्मन अंमलाच्या अवघ्या सहा-सात वर्षांत तेथील यहुद्यांपैकीं सुमारें ७८ हजार मारले गेले. प्रागच्या पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर त्यांचीं नांवें एकामागून एक लिहिलेलीं आहेत. त्यानंतर तीस लाखांच्या घरांतील जर्मन लोकसंख्येपैकीं बहुतेकांना १९४५ ते १९४७ च्या दरम्यान देशाबाहेर काढण्यांत आलें. १९३० सालीं दर दहांत तीन असलेले जर्मन १९५० सालीं शंभरांत दोनहि उरले नाहींत. त्यांच्या ओस गांवांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणून बसविलेल्या लोकांस तेथील देऊळ आपलें नव्हतें आणि तेथील स्मशानांत त्यांचें कोणी पुरलेलें नव्हतें. आजहि उत्तरेकडील व पश्चिमेकडील ह्याच सरहद्दीच्या पट्ट्यांत धर्म मानणारे सर्वांत थोडे आहेत, आणि जेथील वस्ती हलली नाहीं त्या दक्षिण व पूर्व मोराव्हियांत सर्वांत अधिक.

१ मार्च १९५० ची शिरगणती मला साऱ्या मालिकेंत अधिक विस्मयकारक वाटते. साम्यवादी पक्ष सत्तेवर येऊन दोन वर्षें झालीं होतीं. त्या कागदावर शेंकडा ९४ च्या जवळपास लोकांनीं आपला कोणता ना कोणता धर्म लिहिला. शेंकडा ७६ कॅथॉलिक. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, १३ एप्रिलच्या रात्रीं, पोलिसांनीं देशभरचे पुरुषांचे मठ एकदम वेढले आणि साधूंना गाड्यांत घालून नेलें. पुढील तिन्ही शिरगणत्यांत, १९६१, १९७० व १९८० सालीं, धर्माचा प्रश्न विचारलाच नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मिळण्याची भीति नसते. मध्यंतरीं जन्मलेल्या मुलांस मात्र ठाऊक झालें कीं आजी देवळांत जाते हें शाळेंत सांगावयाचें नसतें.

१९९१ सालीं प्रश्न परत आला, ऐच्छिक होऊन. तेव्हां धर्म नसलेले शेंकडा ४० आणि रोमन कॅथॉलिक शेंकडा ३९, अशी जवळजवळ बरोबरी होती. मग दोघांत अंतर पडत गेलें. १९९१ सालचे चाळीस लाख कॅथॉलिक २००१ सालीं सत्तावीस लाख झाले आणि २०११ सालीं सुमारें अकरा लाख. म्हणजे मोठी घसरगुंडी झाली ती छळाच्या काळांत नव्हे, तर स्वातंत्र्याच्या काळांत. प्रश्नाची मांडणीहि मधून मधून बदलली हें खरें, आणि २०१२ सालीं जप्त केलेली मालमत्ता चर्चना परत देण्याचा कायदा झाला त्यास बहुसंख्य लोकांचा विरोध होता हेंहि खरें. परंतु माझें लक्ष दुसऱ्याच रकान्याकडे जातें: कोरा ठेवणारे १९९१ सालीं शेंकडा १६ होते, २०११ सालीं शेंकडा ४५ च्या जवळ! जवळजवळ अर्ध्या राष्ट्रानें सरकारला सांगितलें कीं हें तुम्हांला विचारण्याचें कारण नाहीं. ज्या देशांत एका पिढीनें यादींत नांव लागलें म्हणून आगगाडींत चढविलेलीं माणसें पाहिलीं आणि दुसरीनें देवळांत दिसलें म्हणून मुलाचा महाविद्यालयांतील प्रवेश हुकलेला पाहिला, तेथें ह्या कोऱ्या जागेस आळस म्हणून सोडून देणें मला योग्य वाटत नाहीं. तिला ‘नास्तिक’ म्हणून धरणें तर त्याहून चूक. शिवाय ह्याच निरीश्वर राष्ट्रांत ताइतांवर आणि भविष्य सांगणाऱ्यांवर भरंवसा ठेवणारे लोक पुष्कळ आहेत, असें पाहण्यांत वारंवार आढळून आलें आहे.

आम्हां हिंदूंस विशेष विचार करावयास लावणारी एक गोष्ट राहिली. झेक देशांत मृतांपैकीं शेंकडा ८० च्या आसपास लोकांचें दहन होतें. यूरोपांत हें प्रमाण फार मोठें आहे. आपल्याकडे अग्नि हा संस्कार. त्यांच्याकडे तो बंडखोरी म्हणून आला. ऑस्ट्रियाच्या अंमलांत दहनास बंदी होती, कॅथॉलिक पीठानें १९६३ पर्यंत त्यास मान्यता दिली नव्हती, आणि नव्या प्रजासत्ताकानें एप्रिल १९१९ मध्यें, वाचनालयांच्या कायद्याच्याहि आधीं, दहनास परवानगी देणारा कायदा केला. आज अनेक कुटुंबें कोणताहि विधि न करतां अस्थिकलश घेऊन जातात. परंतु तींच कुटुंबें नाताळांत माशाचें जेवण करतात, आणि झाडाखालीं ठेवलेल्या वस्तु मुलांस कोणी आणल्या असें विचाराल तर उत्तर येतें, येझिशेकनें, म्हणजे बाळ येशूनें! १९५२ च्या डिसेंबरांत सत्ताधाऱ्यांपैकीं झापोतोत्स्की यानें नभोवाणीवरून मुलांस सांगितलें होतें कीं येझिशेक आतां मोठा झाला, त्याला दाढी आली आणि तो रशियन पद्धतीचा हिमआजोबा झाला. मुलांनीं तें ऐकून घेतलें असावें. हिमआजोबा गेले, येझिशेक अद्याप येतो.

प्रागच्या जुन्या नगरचौकांत १६५० सालीं उभारलेला मेरीचा एक स्तंभ होता. स्वीडिश सैन्यापासून नगराचा बचाव झाला म्हणून तो उभारला होता. पण लोकांच्या मनांत तो पांढऱ्या डोंगराच्या पराभवाचें स्मारक होऊन बसला, आणि ३ नोव्हेंबर १९१८ रोजीं, स्वातंत्र्यानंतर सहा दिवसांनीं, जमावानें दोर लावून तो पाडला. पुढें शंभर वर्षें ती जागा रिकामी होती. नगरपालिकेनें आधीं नकार देऊन अखेर २०२० च्या जानेवारींत संमति दिली आणि जून महिन्यांत तो स्तंभ पुन्हां उभा राहिला. त्याच्यापासून कांहीं पावलांवर १९१५ सालीं बसविलेला हुसचा भव्य पुतळा आहे, आणि चौकाच्या दुसऱ्या कडेस नगरगृहाच्या पायाशीं, १६२१ सालीं ज्यांचा वध झाला त्यांच्या आठवणीसाठीं फरसबंदींत बसविलेले सत्तावीस क्रूस. लोक त्यांवरून चालत जातात.